तार आली

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या गाडीची चाकं घसरायला लागतात. मेपल आणि ओकची पानं रुळांवर पडतात, एका पावसात भिजतात, आणि त्यांच्यावरून दोन-चार गाड्या गेल्या की रुळांवर काळपट, साबणासारखा थर बसतो. संध्याकाळी स्टेशनात शिरताना ब्रेक लागला तरी डबा नेहमीच्या जागेवर थांबत नाही, थोडा पुढे सरकतो. इंजिनाच्या डोक्यावरचा तार धरणारा हात ओल्या तारेला घासतो, निळी ठिणगी उडते, आणि क्षणभर प्लॅटफॉर्मवरचे सगळे चेहरे निळे दिसतात. त्या चेहऱ्यांत मी दर वेळी एक चेहरा शोधतो. तो तिथे नसणार हे मला माहीत असतं. तरी पाहतो.

दोन वर्षांपूर्वीची पानगळ सुरू झाली तेव्हा ही तार नव्हती. तेव्हा न्यूअर्कहून निघालेली गाडी निम्म्या वाटेवरच्या जंक्शनपर्यंत विजेवर यायची. तिथे विजेचं इंजिन सोडायचे आणि पुढे समुद्राकडे जायला डिझेलचं जोडायचे. एक सुटून दुसरं लागेपर्यंत डब्यातले दिवे जात. हवेच्या यंत्राची घरघर थांबे, उघडी वर्तमानपत्रं मांडीवर येत, आणि दिवसभर बोलून दमलेली माणसं अंधारात एकमेकांशेजारी गप्प बसून राहत. उन्हाळ्यात बाहेरच्या दलदलीतले बेडूक ऐकू येत, पानगळीत रातकिडे, थंडीत काहीच नाही. वेळापत्रकात त्या थांब्याला नाव नव्हतं. मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. असे वर्षाचे किती तास फुकट जातात ते मी काढलं होतं आणि गाडीतल्या शेजाऱ्याला ऐकवलंही होतं. आता ते तास वाचले आहेत. वाचवून त्यांचं काय केलं, ते मात्र मला सांगता येत नाही.

"कुठवर आली?" जंक्शनपुढे तार ओढायचं काम चाललं होतं, त्या दिवसांतलं हे माझं स्वागत होतं. गाडीतून उतरलो की जिन्याजवळ साळवे काका उभे असत. डोक्यावर चपटी लोकरी टोपी, गळ्यात मफलर, हात पाठीमागे. ऑफिस कसं होतं, दमलास का, असलं काही विचारत नसत. "कुठवर आली?" एवढंच. मी सांगायचो, "पुलाच्या अलीकडे खांब उभे राहिले. आडवे हात अजून लागले नाहीत." ते मान हलवत. मग आम्ही दोघं पानं तुडवत घराकडे चालू लागायचो. त्यांची मुलगी सुनंदा आमच्या मागच्या रस्त्यावर राहते, त्यामुळे वाट एकच होती.

काका मूळचे इगतपुरीचे. त्यांचे वडील तिथल्या इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकामे मजूर, होते. मुंबईहून आलेलं विजेचं इंजिन इगतपुरीला सुटायचं आणि पुढच्या प्रवासाला कोळशाचं लागायचं, ते बघत काका वाढले. आमच्या जंक्शनात जे रोज चालायचं, ते त्यांच्या ओळखीचं होतं. तरुणपणी ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या रेल्वेवर तारा ओढणाऱ्या टोळीत लागले. खांब जिथे जातील तिथे जायचं, शनिवारी घरी यायचं. नोकरी संपली तेव्हा टोळीचे मुकादम होते. गंमत अशी, की त्यांनी एवढ्या गावांना तार लावली, पण यॉर्कशरमधल्या त्यांच्या स्वतःच्या गावावरून जाणारी लाइन तोवर डिझेलवरच होती. पुढे काकू गेल्या. सुनंदा इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे; ती एकुलती एक, तिने त्यांना इकडे आणलं. तिथलं घर कुलूप लावून ठेवलं. विकायचं की नाही, हे ठरलं नव्हतं.

म्हणजे सुनंदाचं ठरलं होतं, काकांचं नव्हतं. ती विषय काढायची, ते खिडकीतून बाहेर बघायचे. एकदा कधीतरी ते म्हणाले, "तार आपल्या स्टेशनला लागली की मी जाणार. अर्धं काम टाकून निघायची मला सवय नाही." जणू ते काम त्यांचंच होतं. सुनंदाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मोहनदादा, किती वेळ लागेल हो तार लागायला?" मी खांबांवरून हिशेब करून सांगितलं. तिने असं तोंड केलं की मला वाटलं, जरा मोठा आकडा सांगायला हवा होता.

त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडात निवडणूक झाली. इथल्या मराठी घरांतल्या शनिवारच्या जेवणांत गप्पा चालतात त्या दिल्लीच्या आणि मुंबईच्या राजकारणाच्या. आमच्याकडे मात्र काका आले की लंडन सुरू व्हायचं. सुनंदाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी शॉर्टवेव्हचा रेडिओ ठेवला होता आणि त्याची तार थेट अंगणातल्या डॉगवुडच्या झाडाला बांधली होती. खोलीत बुद्धाची लहान मूर्ती, निळ्या कोटातली तसबीर, काकूंचा फोटो आणि इंग्लंडच्या रेल्वेचा नकाशा, एवढंच. तिथल्या पंतप्रधानांचं नाव ते कधीच घेत नसत. नुसतं "बाई".

"बाई तिसऱ्यांदा आल्या," ते म्हणाले, आणि पानातली भाजी चमच्याने इकडची तिकडे केली.

"काका, पण बाई खमक्या आहेत," माझी बायको विजया म्हणाली. "घर चालवणाऱ्या बाईसारखा हिशेब ठेवतात. असं कोणीतरी सगळीकडेच हवं."

"घर चालवणारी बाई काटकसर करते, विजया. पण चारातल्या दोन खोल्यांना कुलूप लावून, आतल्या माणसांना अंगणात काढून, बघा किती वाचवलं असं म्हणत नाही."

मी म्हटलं, "पण तुमचं सरकारी भाड्याचं घर बाईंच्याच योजनेत तुमच्या नावावर झालं ना?"

"घर मी वीस वर्षं भाडं भरून कधीच विकत घेतलं होतं. बाईंनी फक्त पावती फाडली."

"आणि तिकडच्या तुमच्या लाइनवर खांब लागतायत, तेही त्यांच्याच राज्यात."

खोटं बोलणं काकांना जमत नसे. "लागतायत. नाही म्हणत नाही. पण हात आखडून. खांब कमी, तार जास्त. एकदा वारा सुटू दे, मग कळेल."

आमची अमृता तेव्हा दहा वर्षांची. तिने खाताखाता वर बघून विचारलं, "इज बाई कमिंग फॉर दिवाळी?" बाई म्हणजे कोणीतरी नात्यातली, इंग्लंडात राहणारी, जरा भांडकुदळ, असं तिने इतके दिवस धरलं होतं. काका गंभीरपणे म्हणाले, "नाही गं. तिला तिकडे फार काम आहे. खाणी बंद करायच्यात अजून." त्या दिवशी सुनंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

अमृतालाच आणखी एक गोष्ट दिसली, जी आम्हा मोठ्यांच्या लक्षात आली नव्हती. "बाबा, व्हाय डझ आजोबा से 'आमच्याकडे' फॉर इंग्लंड? यू गाइज से इट फॉर इंडिया." खरंच होतं. आमच्याकडे पानं पडली की गाड्या लेट. आमच्याकडे दूध दारात येतं. आमच्याकडे माणूस बोलताना हवेपासून सुरुवात करतो. इगतपुरीबद्दल बोलताना ते नुसतं "तिथे" म्हणायचे. मला आधी जरा खटकलं. मग वाटलं, माणूस ज्या घराचं कुलूप आठवून झोपतो, त्यालाच तो आमच्याकडे म्हणत असणार. माझं कुलूप कोकणात होतं. किल्ली वडिलांकडे होती.

चालताना काका मला तारेचं शिकवायचे. खालून बघताना तार रुळांच्या मधोमध सरळ गेलेली दिसते, पण ती तशी नसते. एका खांबाशी जराशी डावीकडे ओढलेली असते, पुढच्याशी उजवीकडे. "सरळ ठेवली तर इंजिनाचा हात एकाच जागी घासत राहील आणि खाच पडेल," ते म्हणायचे. "तिला जरा भरकटू द्यावं लागतं. मग सगळं सारखं झिजतं." पुढे एकदा, काकूंबद्दल काही विचारायला मी तोंड उघडलं, तर ते लगेच बाईंच्या नव्या कराबद्दल बोलायला लागले. तेव्हा मला ती तार आठवली आणि मी विचारलं नाही.

आता तार या शब्दाबद्दल थोडं. आमच्या गावाला रेल्वे नाही. रेल्वे येणार, सर्व्हे झाला, असं वडील माझ्या लहानपणापासून सांगत आले. त्यामुळे आमच्या घरात तार म्हणजे पोस्टातली. तारवाला शिपाई आडवाटेने येताना दिसला की त्याने सायकल लावायच्या आधीच कोणीतरी बाई हंबरडा फोडायची. मग कळायचं, की मुलाला मुंबईत नोकरी लागली. इथे आलेल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात एक तार आधीच वाचून ठेवलेली असते. माझ्या कामात, कोणत्या वयाच्या माणसाची आणखी किती वर्षं धरायची, याचे तक्ते असतात. वडिलांच्या वयाची ओळ मी कधी पाहिली नाही. बोट तिच्याजवळ आलं की मी पान उलटायचो.

त्या उन्हाळ्यात आम्ही अपार्टमेंट सोडून आत्ताचं घर घेतलं. मधले काही आठवडे पत्ता पक्का नव्हता, म्हणून गावाला सुनंदाचा पत्ता कळवून ठेवला होता. नवा पत्ता नंतर कळवला, पण पत्र पोचलं की नाही कोण जाणे.

त्या दिवशी दुपारी अमृता शाळेतून येऊन काहीतरी खात होती. फोन तिने उचलला. मग आईला हाक मारून सांगितलं, "आई, आजोबा सेड तार आली."

विजयाने गॅस बंद केला. "आणखी काय म्हणाले?"

"दॅट्स इट. ही साउंडेड फनी."

"फनी म्हणजे कसे?"

"लाइक ही वॉज क्राइंग. ऑर लाफिंग. आय डोन्ट नो."

विजयाने सुनंदाच्या घरी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. मग मला ऑफिसात लावला. "तुम्ही घरी या. सुनंदाकडे तार आलीय."

"काय लिहिलंय?"

"माहीत नाही. तिकडे कोणी फोन उचलत नाहीये. तुम्ही या."

गाडीत मी आकडेच करत बसलो. तिकडे आता किती वाजले असतील, तार कालची असेल की परवाची, विमान, मग मुंबई, मग एसटी. कसंही मांडलं तरी उत्तर एकच येत होतं, आणि ते मला इथे आलो त्या वर्षापासून माहीत होतं. दिवस लवकर मावळायला लागले होते. जंक्शन आलं, इंजिन सुटलं, दिवे गेले. आणि त्या अंधारात मला वडील दिसले ते तोंडाने नाही, पाठीने. मला निरोप द्यायला ते कधी फाट्यावर येत नसत. नेमकं त्याच वेळी पोफळींना पाणी लावायचं काम काढत. एसटी वळणावर आली की बागेत त्यांची वाकलेली पाठ दिसायची. ती पाठ मी इतक्या वेळा पाहिली होती, आणि शेवटची पाहिली तेव्हा ती शेवटची म्हणून पाहिली नव्हती. शेजारचा माणूस म्हणाला, आज जरा जास्तच वेळ लागतोय नाही? मी म्हटलं, लागू दे.

स्टेशनवर जिन्याजवळ काका उभे होते. टोपी, मफलर, हात पाठीमागे.

"आली," ते म्हणाले.

"कधी?"

"दुपारी. मी इथेच होतो. इथूनच फोन केला तुझ्याकडे."

"काय लिहिलंय?"

"कशावर?"

"तारेवर."

"तारेवर काय लिहितील?" असं म्हणून त्यांनी बोट वर केलं.

मी वर पाहिलं. प्लॅटफॉर्मवर, राखी आभाळाखाली, एकीखाली एक अशा दोन तारा गेल्या होत्या. तांबं अजून काळं पडलं नव्हतं. आभाळात उरलासुरला उजेड होता तेवढा सगळा त्या तांब्यावर जमला होता, आणि तो रुळांसारखाच पार वळणापर्यंत गेला होता. मी बाकावर बसलो.

काकांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढली. "वडील?"

"बरे आहेत," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही, कारण मला तरी काय ठाऊक होतं. "म्हणजे, असतील."

ते माझ्या शेजारी बसले.

"माझी आली तेव्हा मी खांबावर होतो," ते म्हणाले. "खालून साहेब ओरडला, साळवे, देअर इज अ वायर फॉर यू. इंग्रजीतही वायरच म्हणतात रे त्याला. मला वाटलं कामाची. मी वरून म्हटलं, सेंड इट अप. त्यांनी दोरीच्या पिशवीत घालून पाठवली. वरच उघडली. वडील गेल्याची होती." मग म्हणाले, "काम पुरं करून उतरलो. जायला पैसे नव्हते आणि जाऊन काही मिळणारही नव्हतं."

त्या संध्याकाळी आम्ही सगळे सुनंदाच्या स्वयंपाकघरात जमलो. विजया अमृताला रागवायला लागली, आणि रागवतारागवता हसायला लागली, मग सुनंदाही हसली. अमृता म्हणत राहिली, "बट ही सेड तार आली. आय सेड तार आली. व्हॉट डिड आय डू?" पोरीची काही चूक नव्हती. तिने शब्द होता तसा पोचवला होता. अर्थ आम्ही लावला होता.

हसता हसता सुनंदा थांबली. हातात ताटली तशीच. "अप्पा, तुम्ही तिकडे एकटे गेलात, तर ती तार मला येईल."

"तार कशाला येईल? मी फोन करीन. दर रविवारी."

"ज्या रविवारी तुम्ही फोन करणार नाही, त्या रविवारचं बोलतेय मी."

खिडकीतला रेडिओ खरखरत होता. काकांनी तो बंद केला. "सुनंदा, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावांना तार लावत फिरलो. आता आमच्या गावाला लागतेय. ती यायची तेव्हा मी तिथे नको?"

"मग इथे करंट येईपर्यंत तरी थांबा. करंटशिवाय कसली लाइन?"

"करंट बघायला पुष्कळ लोक असतात," काका म्हणाले.

ताटली सुनंदाने पुसून ठेवली, आणि ती कोरडीच होती. पानं पूर्ण झडायच्या आत काका गेले. विमानतळावर मी नेऊन सोडलं. सुनंदाने नेमकी त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी मागून घेतली होती. मला पोफळींना पाणी लावणारी पाठ आठवली.

पुढच्या उन्हाळ्यात तारेत करंट आला. फुगे लावले होते, बँड होता, कोणा अधिकाऱ्याचं भाषण झालं. जंक्शनला आता इंजिन बदलत नाही, दिवे जात नाहीत. माणसं न्यूअर्कपासून समुद्रापर्यंत वर्तमानपत्र खाली न ठेवता वाचू शकतात. हे चांगलं झालं, असं मी प्रामाणिकपणे म्हणतो. धूर गेला, वेळ वाचला, गाडी आवाज न करता येते. पण कधी कधी जंक्शन मागे पडताना मी डोळे मिटून घेतो. बेडूक ऐकू येतात का पाहतो. गाडी फार वेगात असते.

वडील बरे आहेत. मागच्या पत्रात त्यांनी लिहिलं, की रेल्वेची माणसं पुन्हा येऊन बागेच्या कडेला लाल झेंड्या रोवून गेली. बाराव्यांदा, असं त्यांनी लिहिलंय. तो आकडा त्यांचा आहे, मी तपासलेला नाही.

आणि या ऑक्टोबरात, गेल्याच रविवारी, फोन वाजला. काका आधी सुनंदाला करतात, मग कधी कधी आम्हाला. अमृता आता बारा वर्षांची आहे, फोन अजून तीच धावत जाऊन उचलते. मी रिसीव्हरकडे बघत होतो. ती ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"बाबा, आजोबा सेज तार आली."

आणि मी काही विचारायच्या आत, माझं तोंड बघून, घाईने म्हणाली, "द गुड काइंड."

काकांचा आवाज लांबून, जरा खोल येत होता. त्यांच्या स्टेशनला तार लागली होती. ते सकाळपासून प्लॅटफॉर्मवर उभे होते. थंडी होती. पोरांनी काम नीट केलं होतं, फक्त खांब लांब लांब होते, ते आपण म्हणालोच होतो. बाई अजून आहेत, पण आता त्यांच्याच पक्षातली माणसं कुजबुजायला लागलीयत. प्लॅटफॉर्मवर शाळेची मुलं होती, दोन कुत्री होती. कुठवर आली, असं विचारणारं मात्र कोणी नव्हतं.

तारेची खरखर ऐकू येत राहिली.

"आमच्याकडे पानं पडली का रे?"

तिकडची पानं मला इथून कशी दिसणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मग मला कळलं. विजयाने स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणतायत. रिसीव्हरवर हात न ठेवताच मी तिला सांगितलं, "विचारतायत, आपल्याकडे पानं पडली का."

मग काकांना म्हटलं, "पडली, काका. गाडी जरा घसरते. पण येते."